भरला मेणा

१

दौंडच्या जुन्या गावात भीमेला अगदी खेटून भोई आळी आहे. आळी उताराची. वरचं तोंड बाजाराच्या रस्त्याला लागतं आणि खालचं टोक थेट नदीत उतरतं. तिथे दगडी घाट, घाटाच्या माथ्यावर भिवराईचं, म्हणजे भीमेचंच, ठेंगणं देऊळ आणि देवळाला चिकटून एक ओवरी. हे सगळं भोई समाजाचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कुणी बांधलं आणि कधी, यावर आळीत दोन माणसांचं एकमत व्हायचं नाही. समाजाची कमिटी दर वर्षी ओवरीच्या छपराची दुरुस्ती ठरवायची, चहा प्यायची आणि उठायची.

ओवरीत मेणा होता. आळीतले जुने लोक खांद्यावरून माणसं वाहायचे, त्या काळातला हा एकच उरलेला. सागवानी चौकट, झोपडीसारखं उतरतं छप्पर, आत वेताची बैठक, आरपार गेलेली लांब दांडी आणि दोन्ही अंगांना पडदे. पडदे मूळचे म्हणे जरीचे होते. आता ते हिरव्या टेरिकॉटचे होते आणि बाजारातल्या शिंप्याने त्यातली एक बाजू चांगली वीतभर आखूड शिवून ठेवली होती. आळीतली लेक लग्न होऊन निघाली की देवळापासून आळीच्या तोंडापर्यंत मेण्यात बसून जायची. तिथून पुढे जीप. पण तेवढ्या वाटेपुरती ती राणी असायची, आणि मेण्यातून डोळे न पुसता उतरलेली पोर आळीने अजून पाहिली नव्हती.

ओवरीची किल्ली जालिंदरकडे असायची. जालिंदर रेल्वेत फिटर. इंजिनाच्या पोटातला बिघाड कानाने ओळखणारा, देवाधर्माच्या बाबतीत जरा कोरडाच. पण किल्ली बापाकडून आली होती म्हणून तो ती जपायचा. प्रत्यक्षात किल्ली वापरायची ती त्याची बायको म्हाळसा. रोज सकाळी देवळाची झाडलोट करायची, ओवरी उघडायची, मेण्यावरून फडकं फिरवायचं आणि पडदे नीट वर बांधलेत ना ते बघायचं. पडदे खाली राहिले की आत उंदरांचा संसार थाटला जायचा.

म्हाळसेला मूल नव्हतं. पुण्यापर्यंतचे दवाखाने झाले, उपास झाले, आणि मग एक दिवस दोघांनी तो विषय काढायचाच सोडून दिला. आळी वाईट नव्हती. म्हाळसेच्या कडेवर आळीतलं प्रत्येक पोर वाढलं होतं. फक्त ओवरीत मेण्यापाशी लेकीची ओटी भरायची वेळ आली की बायका आपोआप पुढे सरकायच्या आणि म्हाळसा आपोआप खांबामागे जायची. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं. खांबामागून तिने कितीतरी आयांचे शब्द ऐकले होते, कितीतरी ओट्या भरताना पाहिल्या होत्या, आणि घरी येऊन मुकाट्याने स्वयंपाकाला लागली होती.

२

दोन हजार सहाच्या श्रावणात पावसाने सगळ्यांना जेरीला आणलं. दौंडातला पाऊस एक वेळ परवडला, पण भीमेला पूर येतो तो वरून. खडकवासल्याचं पाणी सोडलं, मागोमाग घोड धरणाचं सोडलं, आणि शिरूरकडून आलेला ट्रकवाला सांगत सुटला की तिकडे नदी कुठली अन् रान कुठलं ते कळत नाही. पुलावरून गाड्या मुंगीच्या पावलांनी जायला लागल्या. सकाळीच पोलीस आळीत फिरले आणि सगळ्यांना वरच्या शाळेत जायला सांगून गेले.

आळी शाळेत गेली. भांडी, शेळ्या, टीव्ही आणि परवाच बारसं झालेलं एक बाळ, सगळं वर्गावर्गांत मावलं. तरणी पोरं होड्या घेऊन मळ्यांत अडकलेल्या माणसांना काढायला गेली. मागे उरला मेणा.

"देवी दगडाची हाय, ती ऱ्हाईल," साहेबराव आप्पा म्हणाले. "मेणा लाकडाचा हाय. त्यो आपल्यालाच काढाया पायजे."

मेण्यात खरोखरची माणसं बसवून वाहून नेलेले आळीत आप्पा तेवढे शिल्लक होते. गुडघे कुरकुरायचे, पण खांदा अजून फळीसारखा होता. जालिंदर तयारच होता. तिसरा अलीम, आळीच्या तोंडाशी घर असलेला, रेल्वेच्या पार्सलात काम करणारा. त्याच्या आजोबांपासून हे घर आळीच्या सुखदुःखात होतं. चौथा कुणी मिळेना.

"मी लावते की खांदा," म्हाळसा म्हणाली.

कुणी हसलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

निघताना पार्वतीबाईंनी तिला हाक मारली. पाणी देवळाच्या पायरीला लागलं की आळीतल्या सगळ्यात मोठ्या सवाष्णीने नदीची ओटी भरायची, अशी आळीची रीत. बरीच वर्षं ते पार्वतीबाईंकडे होतं. पण आज त्या भिंतीला टेकून, सुजलेला गुडघा पुढे पसरून बसल्या होत्या. त्यांनी सूप पुढे सरकवलं. सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"खाली जातीच हाईस, तर येवढी ओटी भरून ये."

"मी?" म्हाळसेने विचारलं.

"मग काय मी जाऊ ह्या पायावर? जा. पाणी थांबायचं न्हाई कुणासाठी."

पार्वतीबाईंनी एवढंच सांगितलं. ओटी भरताना काय म्हणायचं ते सांगितलं नाही. ते बाईमाणसाला सांगावं लागतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं.

३

आळी रिकामी पाहायची म्हाळसेला सवय नव्हती. दारांना कड्या, ओट्यांवर विसरलेल्या चपला, आणि सगळ्यावर तो एक घुमणारा आवाज. पूर खळाळत नाही. तो जात्यासारखा घरघरतो, आणि तो आवाज पायातून वर चढतो.

जालिंदर, आप्पा आणि अलीम दोर आणायला अलीमच्या घरी थांबले. म्हाळसा पुढे गेली. भिवराईला हात जोडून ती पायरीवर बसली. पाणी तांबडंलाल होतं आणि तिच्या पावलांपासून हातभर खाली आलं होतं. तिने सूप मांडीवर घेतलं. वयाची पन्नाशी जवळ आली तेव्हा ती पहिल्यांदा कुणाची तरी ओटी भरत होती.

तिने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. खणात तांदूळ घेतले, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी ठेवली, आणि दोन्ही हातांनी ओटी पाण्यावर सोडली. खांबामागून ऐकलेले शब्द ओठांवर आपसूक आले. ती म्हणाली, "नीट ऱ्हा, बाई. लवकर ये. मी वाट बघती हितं."

ओटी बुडाली. सगळी, एकदम, नारळासकट. जणू कुणीतरी खालून पदर पसरून झेलली.

नारळ तरंगतो. नदीकाठच्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हाळसा वाकून बघत राहिली. भोवरा असेल, तिने स्वतःला सांगितलं. नाहीतर नारळाला चीर असेल, आत पाणी भरलं असेल. ती उठली, पदराला हात पुसले आणि ओवरीकडे वळली.

४

ओवरीला कुलूप होतं. तिने ते उघडलं, फळ्या ढकलल्या. आत पाणी आलेलं नव्हतं, फरशी कोरडी होती. मेणा नेहमीच्या जागी होता.

पडदे खाली सोडलेले होते.

सकाळी तिनेच ते वर बांधले होते. पावसाची सर्द हवा, नाडी सैल झाली असेल. पण दोन्ही बाजूंच्या, चारी नाड्या? ती उंबऱ्यातच थांबली. आत कोंदट लाकडाचा वास यायचा, तो नव्हता. ओल्या वाळूचा वास होता, आणि त्यात हळदीचा.

वेताची बैठक करकरली.

म्हाळसेला तो आवाज ओळखीचा होता. नवरी बसली आणि तिने जरा सावरून पाय पोटाशी घेतले की असाच आवाज यायचा. तिची बोटं कुलपावर गच्च आवळली गेली. पळावंसं वाटलं, अगदी खरं वाटलं. आणि त्याच वेळी, का ते तिला कधी सांगता आलं नसतं, दारात पाहुणी उभी असताना आपण घर आवरलेलं नाही अशा बाईची लगबगही तिच्या पोटात उठली.

"कोण हाय गं आत?" तिने हळूच विचारलं.

पडदा हलला नाही. एका बाजूचा पडदा आखूड होता, तिथून मेण्याचा तळ दिसायचा. त्या फटीतून पाण्याची बारीक धार निघून फरशीवर येत होती. ती उताराकडे, नदीकडे जायला हवी होती. पण ती फरशी चढून सरळ म्हाळसेच्या पायांकडे आली आणि अंगठ्याला लागून थांबली. पाणी कोमट होतं.

"काय बघतीस? पडदे कशापाई सोडलेस?" मागून जालिंदरचा आवाज आला.

"मी न्हाई सोडले," ती म्हणाली.

"मग काय उंदरांनी सोडले?" तो आत शिरला, दांडीला दोर आवळायला लागला. त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं. त्याने वर छपराकडे पाहिलं आणि कमिटीला एक सणसणीत शिवी हासडली.

५

पुढे आप्पा आणि अलीम, मागे जालिंदर आणि म्हाळसा. आप्पांनी हुंकार दिला आणि चौघांनी दांडी उचलली.

दांडी उचलली, पण मेणा जमिनीवरून सुटला नाही. दुसऱ्या हुंकाराला सुटला. म्हाळसेच्या खांद्यावर वजन आलं तशी ती मटकन खाली बसलीच असती. जालिंदरने तिला कोपराने सावरलं.

"लाकूड भिजलंय," तो दात आवळून म्हणाला. "वल्लं लाकूड जड होतंच."

ओवरीतून बाहेर पडून ते आळीला लागले. पहिलं वळण आलं तेव्हा म्हाळसेला ते जाणवलं. लाकडाचं वजन वळणावर बाहेर ओढतं. हे वजन आत कललं. मेण्यात बसलेलं माणूस वळणावर आधाराला काठ धरतं आणि अंग आत घेतं, तसं. आणि मग सरळ वाट लागल्यावर ते पुन्हा मधोमध आलं.

आप्पांच्या पाठीवरून घाम वाहत होता. ते मान न वळवता म्हणाले, "रिकामा न्हाई."

"काय म्हनला, आप्पा?" अलीमने विचारलं.

"मेणा रिकामा न्हाई. चला. थांबू नका."

म्हाळसा खांद्यावरच्या दांडीला गाल लावून चालत होती. तिला खूप भीती वाटत होती. पडदा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि चालीबरोबर आतून बांगड्यांचा बारीक आवाज येत होता, काचेवर काच अलगद टेकल्यासारखा. तरी तिच्या तोंडून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, निघालं, "बस नीट, बाई. पडशील. हात आत घे."

बांगड्यांचा आवाज थांबला.

मारुतीच्या पारापाशी आप्पांनी दम खायला मेणा टेकवला. पार म्हणजे आळीचा मध्य. तिथून शाळेचा भोंगा स्पष्ट ऐकू यायचा. कुणीतरी त्यावरून लेकरांना खिचडीला बोलावत होतं. अलीमने कपाळ पुसलं, मागे पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

"जालिंदरभाऊ," तो म्हणाला, "पाणी बघा."

पाणी त्यांच्या मागे आलं होतं. जिथे मेण्याची मागची बाजू टेकली होती, तिथून हातभर मागे ते थांबलं होतं. आळीभर पसरलेलं, एकाही लाटेशिवाय, दोन्हीकडच्या उंबऱ्यांना लागून. देवळाचा कळस आणि ओवरीचं छप्पर तेवढं वर दिसत होतं. इतकं पाणी चढताना आवाज व्हायला हवा होता.

"धरणातून आनखी सोडलं आसंल," जालिंदर म्हणाला. तो म्हणाला खरा, पण स्वतःच दांडीला खांदा लावून उभा राहिला. बिघाड कळेना की तो इंजिन दोनदा चालू-बंद करून बघायचा, तेव्हाच्यासारखा आता त्याचा चेहरा झाला होता. "उचला. दोन पावलं फुडं घ्या. दोनच."

त्यांनी दोन पावलं घेतली. पाणी दोन पावलं पुढे आलं.

"आता मागं."

ते मागे सरले. पाणी मागे सरलं. मागे राहिलेला चिखल नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा चकचकत होता. जालिंदरने ते पुन्हा एकदा करायला लावलं आणि मग मेणा टेकवून पाराच्या कठड्यावर बसला.

६

"म्हाळसा," आप्पांनी हाक मारली. आवाजात राग नव्हता. "नदीची वटी कुणी भरली?"

"मी भरली. पारबताबाईंनी सांगितलं हुतं."

"काय म्हनलीस तिला?"

म्हाळसेने शब्द सांगितले. सांगताना तिच्या लक्षात आलं की आप्पा डोळे मिटून ऐकताहेत.

"आगं, लेकीला ये म्हंत्यात," ते म्हणाले. "हिला न्हाई. हिला वटी भरून जा म्हंत्यात. ये म्हनायचं न्हाई, वाट बघती म्हनायचं न्हाई."

"मला कुणी सांगितलंच न्हाई कवा."

"न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले. "चूक आळीची हाय, पोरी. तुझी न्हाई."

अलीमने मेण्याकडे पाठ केली होती आणि त्याचे ओठ हलत होते, तो त्याची दुआ म्हणत असावा. वर भोंग्यावर पुन्हा लेकरांना हाका सुरू झाल्या.

"शाळंत न्हेता येनार न्हाई," जालिंदर शेवटी म्हणाला. "ह्यो मेणा जिथं जाईल तिथं पाणी येनार. हितंच टाकून जावं म्हनलं तर उद्याला सगळी घरं बसतील. पांढऱ्या मातीच्या भिंती हायेत, किती दम धरतील?" त्याने मेण्याच्या छपरावर हात ठेवला. बापाने त्याला याच छपराला तेल लावायला शिकवलं होतं. "आप्पा, मागं न्हेऊन घाटावर ठिवला तर मेणा जाईल. समाजाला काय सांगू मी? येवढी एकच वस्तू हाय आपली."

"खांद्यावर कोण बसलंय ते भोयानं इचारायचं नसतं," आप्पा म्हणाले. "कुठं जायाचं येवढं इचारायचं, आन् पोचवायचं. मधी उतरवायचं न्हाई. माज्या बानं मला येवढंच शिकिवलं."

"आमच्या घरी न्या," म्हाळसा म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ती मेण्याला टेकून उभी होती. पदर डोक्यावरून घसरला होता, केस गालाला चिकटले होते, आणि ती घाबरलेली होती हे कुणालाही दिसलं असतं. पण ती मेण्याला सोडून बाजूला झाली नव्हती.

"आमच्या घरी न्या तिला. येकच दिस. भात टाकती, डोक्यावर तेल घालती. लेक म्हायेराला आली तर येक दिस बी राहत न्हाई व्हय? मी बोलावलं म्हनून आली ती. पुराच्या पाण्यातनं आली. आन् मी दारातनंच माघारी पाठवू?" तिचा आवाज फाटला. "माज्याकडं कोन येतं वो दुसरं?"

जालिंदर उठला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्याने बायकोला कधी हात लावला नव्हता. आज त्याने तिचा घसरलेला पदर उचलून तिच्या डोक्यावर घेतला.

"म्हाळसे, शाळंत आळीची समदी लेकरं हायेत," तो म्हणाला. "तुझ्याच कडंवर वाढल्याली. हिला ठिवून घितली तर त्यांचं काय?"

तिने शाळेच्या दिशेने पाहिलं.

"तू बोलावलंस. तूच सांग. तू म्हनशील तसं करू. घरी न्या म्हनलीस तर म्या खांदा देतो, कमिटी गेली खड्ड्यात."

तो खरंच बोलत होता. तिला ते कळलं, आणि त्यानेच तिचा धीर सुटला. ती मेण्याच्या दांडीवर डोकं टेकून रडली. आतून काही आवाज आला नाही. फक्त वेत एकदा करकरला, जसं कुणी ऐकायला पुढे वाकलं असावं. मग म्हाळसेने नाक पुसलं आणि खांदा दांडीखाली घातला.

"चला," ती म्हणाली. "हळू न्या. झोल देऊ नका तिला."

७

ते उतरत गेले आणि पाणी त्यांच्या पुढे पुढे उतरत गेलं. उंबरे मोकळे झाले, ओटे मोकळे झाले. ओवरी आली, तिच्या फळ्यांवरून पाणी ओघळत होतं, पण भिंती उभ्या होत्या. देवळाच्या पायरीपाशी पाणी थांबलं. सकाळी होतं तिथेच.

त्यांनी मेणा पायरीवर ठेवला. आप्पांनी अलीमला आणि जालिंदरला खूण केली. बाईमाणूस उतरताना भोई पाठ करून उभे राहतात. तिघे देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

म्हाळसा एकटीच मेण्याजवळ बसली. वारा आला, की आला नाही, पण आखूड पडद्याची कड जराशी उचलली गेली. तिला मांडी दिसली. हिरव्या लुगड्याची, निथळणारी. मांडीवर ओचा धरलेला, आणि ओच्यात तिने भरलेली ओटी, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदळाचा दाणा न् दाणा कोरडा. ओचा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला होता, सांडू नये म्हणून. हात तरुण पोरीचे होते. नखांत वाळू होती. मनगटांच्या वर काय होतं ते म्हाळसेने पाहिलं नाही. ती पाहू शकली असती. नजर वर उचलायचाच काय तो अवकाश होता, आणि तिने ती पाण्यावर लावली.

खूप बोलायचं होतं. पाऊस पडतोय, जपून जा, असं काहीबाही. पण त्यातून एकच शब्द बाहेर काढायचा होता. निघालेल्या माणसाला तो शब्द तिने आयुष्यात कधी म्हटला नव्हता. कुणीच म्हणत नाही.

"जा," ती म्हणाली.

काही झालं नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या जालिंदरचे खांदे थरथरताना तिला दिसले.

"जा, बाई. सुखानं जा. मी... मी वाट न्हाई बघनार."

हे खोटं आहे हे तिचं तिला ठाऊक होतं. आतलीलाही ठाऊक असावं. पण पाणी पायरीवर चढलं, अलगद मेण्याखाली शिरलं आणि त्याने मेणा उचलला. चार माणसांना झेपेना तो मेणा पानासारखा हलका होऊन काठापासून सुटला. तो कलंडला नाही, भोवऱ्यात गेला नाही. दांडी सरळ ठेवून, जणू कुणी खांद्यावर घेऊन चाललंय अशा संथ चालीने, तो पुलाच्या रोखाने निघाला. त्याच्यामागे पाणी पायऱ्या उतरत गेलं, एकेक पायरी उघडी टाकत.

घाटाचं वळण आलं तिथे मेण्याचा पडदा बाजूला झाला. तोंड दिसलं नाही. फक्त आवाज आला, पुराच्या घरघरीतून स्वच्छ, माहेरून निघालेल्या कुठल्याही पोरीचा असावा तसा.

"येते, आई."

आप्पा, अलीम, जालिंदर, कुणीच वळलं नाही. त्यांनी ऐकलं की नाही, हे म्हाळसेने त्यांना पुढे कधी विचारलं नाही. तिचे ओठ उघडले होते. अशा वेळी कुठल्याही आईच्या तोंडून जो शब्द आपोआप जातो तो जिभेच्या टोकावर आला होता, आणि वर शाळेत सगळी आळी जेवायला बसली होती. म्हाळसेने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, दातांनी घट्ट धरला आणि मेणा पुलाखालून दिसेनासा होईपर्यंत तशीच बसून राहिली.